गन गेली, फोन आला: एका गोदामाची तीन वर्षं

बिलिंग सॉफ्टवेअरच्या कंपनीकडून सूचना आली तेव्हा गोदामातल्या बाराही गन व्यवस्थित चालत होत्या. गन म्हणजे हातात धरायचं बारकोड टर्मिनल. मुठीखाली ट्रिगर असतो, म्हणून गोदामात त्याला दुसरं नाव कधी पडलंच नाही. सूचना दोन ओळींची होती: अमुक तारखेनंतर आमचा सर्व्हर टीएलएस १.० आणि १.१ वरची जोडणी घेणार नाही, १.२ किंवा त्यापुढचं लागेल. टीएलएस म्हणजे इंटरनेटवरची जोडणी सुरक्षित ठेवणारी नियमावली. मालकांनी ती माझ्याकडे पाठवून विचारलं, "ह्यात आपल्याला काही करायचं आहे का?"

करायचं होतं, आणि बरंच होतं. त्या गनमध्ये विंडोज एम्बेडेड हँडहेल्ड ६.५ होतं, अशा हातयंत्रांसाठीची मायक्रोसॉफ्टची जुनी प्रणाली. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार १४ जानेवारी २०२० ला बंद केला आणि टीएलएस १.२ त्यात कधी आलंच नाही. सॉफ्टवेअरवाल्यांशी वाद घालण्यातही अर्थ नव्हता, कारण टीएलएसच्या त्या दोन आवृत्त्या इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफनेच मार्च २०२१ मध्ये मोडीत काढल्या होत्या. ट्रिगर शाबूत, बीप खणखणीत, फक्त समोरून उत्तर येणार नाही, अशी त्या यंत्रांची गत झाली.

ही २०२२ ची गोष्ट. धंदा वाहनांच्या सुट्या भागांचा, घाऊक. नऊ हजारांच्या आसपास प्रकारचा माल, दोन पाळ्या, एका पाळीत रॅकमध्ये फिरणारी बारा माणसं. मी बाहेरचा सल्लागार, आठवड्यातून एकदा जाणारा.

बैठकीत मालकांनी खिशातला फोन काढला, टेबलावरच्या बेअरिंगच्या खोक्यावर धरला. क्षणात आकडा उमटला. "हा पण वाचतोच की. मग तेवढे पैसे कशाला?"

प्रश्न अगदी रास्त होता. पूर्वी तंत्रज्ञान आधी कचेरीत यायचं आणि मग घरी, २००७ मध्ये आयफोन आल्यानंतर ती दिशा पार उलटली. साधा अँड्रॉइड फोन कोट्यवधी नगांत खपणाऱ्या जातीचा. त्याच्या कॅमेऱ्याचा, चिपचा, पडद्याचा घडणीचा खर्च इतक्या नगांवर वाटला जातो की थोडक्या गोदामांसाठी बनणाऱ्या टर्मिनलला ती किंमत गाठणं शक्यच नाही. आमच्याकडे आलेल्या कोटेशनांत एका नव्या टर्मिनलच्या पैशात पाच फोन बसत होते. कोणीही फोनच निवडले असते. मीही तेच सुचवलं.

माझी चूक फोन निवडण्यात झाली नाही. ती चाचणीत झाली. मी कचेरीत बसून, खिडकीच्या उजेडात, टेबलावरचे वीस खोके वाचून बघितले. सगळे पहिल्या झटक्यात वाचले गेले आणि मी "चालेल" असं लिहून मोकळा झालो.

खालचा खाना

पंधरा फोन आले, बारा वापराला आणि तीन राखीव. पहिल्याच सकाळी एकही फोन वाय-फायला लागेना, कारण गोदामाच्या राउटरवर ओळखीच्या मॅक पत्त्यांची, म्हणजे यंत्रांच्या नेटवर्कवरच्या ओळख-क्रमांकांची, यादी होती आणि अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी मनाने बनवलेला पत्ता दाखवतो. प्रत्येक फोनमध्ये त्या नेटवर्कपुरती ती सोय बंद केली. अर्धा दिवस गेला, पण प्रश्न कायमचा सुटला.

जो सुटला नाही तो आठवड्याभराने माझ्यासमोर उकिडवा बसला होता. पिकिंगवरचा, म्हणजे यादीप्रमाणे खान्यांतून माल काढणारा, एक मुलगा, सर्वांत खालच्या खान्यासमोर. डाव्या हातात ऑइल सीलचं पाकीट, उजव्या हातात फोन. पाकिटाला पारदर्शक प्लास्टिकचं वेष्टण. खाली उजेड कमी, म्हणून टॉर्च लावलेला. टॉर्चचा दिवा कॅमेऱ्याच्या शेजारीच असल्याने त्याची तिरीप प्लास्टिकवरून थेट भिंगात येत होती. पडद्यावर बारकोडच्या जागी पांढरा डाग. त्याने पाकीट तिरपं केलं. डाग सरकला, पण आता कॅमेरा फोकस शोधायला लागला: धूसर, स्पष्ट, पुन्हा धूसर. जवळ नेलं तर फोकस लागत नाही, लांब नेलं तर बारकोडच्या रेघा एकमेकींत मिसळतात. मग बीप. पाकीट टोपलीत, फोन मांडीवर, यादीतली पुढची ओळ बघायला अंगठा. एका पाकिटाला इतका खटाटोप.

गनवर हेच काम तो न बघता करायचा. गनचं वाचनयंत्र ठरावीक अंतरासाठीच बनवलेलं असतं, उजेड त्याचा स्वतःचा असतो, नेमकं कुठे पडतंय ते लाल खूण दाखवते. नजर मालावर राहते, पडद्यावर नाही. फोनमध्ये आधी पडद्यावर बघावं लागतं, कारण नेम तिथेच दिसतो. हा फरक कचेरीतल्या टेबलावर कळायची सोयच नव्हती.

मालकांचं म्हणणं, जरा वरचा फोन घेऊ, कॅमेरा चांगला असेल. मी दोन दिवस मागितले आणि स्टोअरकीपरांबरोबर रॅकमध्ये फिरलो. त्यांना सगळे काका म्हणतात, मीही म्हणतो. पिकरला प्रत्येक ओळीला दोन वाचनं करावी लागतात, एक खान्याच्या पट्टीचं आणि एक मालाच्या खोक्याचं. खोक्यावरचं लेबल उत्पादकाचं, त्याला आपण हात लावू शकत नाही. खान्यांवरच्या पट्ट्या मात्र आपल्याच होत्या. जुन्या गनसाठी छापलेल्या कोड १२८ ह्या रेघांच्या बारकोडच्या, लांबच लांब, कडा उडालेल्या. काकांनी एका पट्टीवर नख फिरवून म्हटलं, "ह्या आपणच छापतो ना? मग त्या फोनला आवडतील तशा छापा."

इथे मला एक जुनी गोष्ट आठवायला हवी होती आणि ती उशिरा आठवली. दुकानाच्या गल्ल्यावर पहिला बारकोड वाचला गेला तो २६ जून १९७४ ला, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, च्युइंगगमच्या पुड्यावर. तो बारकोड म्हणजे एका रेषेत वाचायची पट्टी. क्यूआर कोड वीस वर्षांनी, १९९४ मध्ये, जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटाने बनवला, आणि तो बनवला तोच मुळी वाहनांच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी. तो कॅमेऱ्याने, म्हणजे चित्र म्हणून वाचायचा असतो. उलटा, तिरपा कसाही धरा, तीन कोपऱ्यांतल्या चौकोनांवरून दिशा कळते. सर्वांत वरच्या दुरुस्ती-पातळीला छापला तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो. आम्ही सुट्या भागांच्याच गोदामात बसून ह्याच कामासाठी जन्मलेला कोड सोडून पट्ट्या वाचत होतो.

खान्यांच्या सगळ्या पट्ट्या क्यूआरमध्ये छापल्या, मॅट कागदावर, खालच्या दोन खान्यांसाठी जरा मोठ्या आणि वर तोंड करून तिरप्या लावलेल्या. एका रविवारी सहा जणांनी काम संपवलं. खान्याचं वाचन त्यानंतर कधीच अडलं नाही. व्यापारातला वाराही त्याच दिशेने वाहतोय: जीएस१ ही बारकोडची जागतिक संस्था किरकोळ दुकानांच्या गल्ल्यांनी २०२७ अखेरपर्यंत क्यूआरसारखे द्विमितीय कोडही वाचावेत म्हणून प्रयत्न करते आहे. तेव्हा कदाचित खोक्यांवरची लेबलंही कॅमेऱ्याच्या सोयीची होतील. आमच्याकडे मात्र खोके आजच बाहेर जायचे होते.

बोटातली अंगठी

खोक्यांसाठी आम्ही ब्लूटूथची अंगठी घेतली. बोटात घालायचा स्कॅनर, अंगठ्याने बटण दाबायचं, वाचलेला आकडा फोनमध्ये उतरतो. फोन मनगटाच्या पट्ट्यात, दोन्ही हात मोकळे. किंमत एका फोनच्या निम्म्याने. कागदावर उत्तम.

ही अंगठी फोनला आपण कीबोर्ड आहोत असं सांगते. त्यामुळे कुठल्याही अ‍ॅपमध्ये वेगळं काही न करता चालते, आणि त्यामुळेच अडचण येते. खराखुरा कीबोर्ड जोडलाय असं समजून अँड्रॉइड पडद्यावरचा कीबोर्ड गुंडाळून ठेवतो. आकडा वाचला, पण नग किती ते टाकायला कीबोर्डच नाही. पोरांनी स्वतःच तोड काढली: नग टाकायची वेळ आली की अंगठी बंद करायची, टाकून झाले की चालू. आठवडाभर हे चाललं आणि मला कोणी सांगितलं नाही. सेटिंगमध्ये "पडद्यावरचा कीबोर्ड दाखवा" असा एक खटका असतो, तो सुरू केल्यावर संपलं. सांगितलं का नाही असं विचारल्यावर उत्तर आलं, "आम्हाला वाटलं, असंच असतं."

दुसरा घोटाळा महागात पडला. अंगठ्या दिसायला एकसारख्या. पाळी बदलताना चार्जिंगच्या फळीवर त्या ठेवल्या जायच्या आणि पुढचा माणूस हाताला येईल ती उचलायचा. अंगठीची जोडी मात्र ज्या फोनशी लावली त्याच्याशीच. एका दुपारी एका ग्राहकाच्या बिलात ब्रेक पॅडच्या ओळीनंतर तीन आरसे आणि एक रेडिएटरची टोपी आली. शेजारच्या गल्लीतला गडी आपलं काम मन लावून करत होता, फक्त त्याचं सगळं वाचन ह्याच्या फोनमध्ये पडत होतं. अ‍ॅपने "यादीत नाही" असं ओरडायला हवं होतं. तो इशारा होता, पण अनेकदा वैताग आणतो म्हणून आम्हीच बंद केला होता.

काकांनी रंगीत इन्सुलेशन टेप आणली. फोनला हिरवी पट्टी, अंगठीला हिरवी पट्टी, फळीवरच्या जागेलाही हिरवी. रंग संपले तेव्हा दोन रंगांच्या जोड्या. इशारा परत चालू केला. ह्यापेक्षा हुशार उपाय सॉफ्टवेअरमध्ये होते, पण टेप त्याच दुपारी लागली.

"साहेब, फोन झोपतो"

तिसऱ्या महिन्यात विक्रीवरच्या मुलीचा फोन आला. एकच क्लच प्लेट तिने दोन ग्राहकांना विकली होती. स्टॉकमध्ये एक दिसत होती, खान्यात नव्हती. मग दुसरी तक्रार, तिसरी. नोंदी तपासल्या तर चित्र स्पष्ट होतं: दुपारी एक ते दोन काहीच नाही आणि मग दोन वाजून काही मिनिटांनी शंभर-दीडशे ओळी एकदम सर्व्हरवर आदळलेल्या.

अ‍ॅप प्रत्येक वाचन आधी फोनमध्ये ठेवायचं आणि मागच्या मागे सर्व्हरला पाठवायचं. गनवर ते ठीक चाललं, कारण गनला दुसरं काम नव्हतं. फोनचं तसं नाही. पडदा बंद करून न हलवता पडलेल्या फोनमधली मागची कामं अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, डोझ नावाच्या व्यवस्थेने रोखून धरली जातात. त्याच्यावर स्वस्त फोन बनवणारे आपापली बॅटरी-बचत चढवतात आणि ती बरीच निर्दय असते: पडदा बंद झाला की अ‍ॅपच मारून टाकायचं. घरच्या वापरात बॅटरी दिवसभर टिकली म्हणून माणूस खूश होतो. गोदामात जेवायच्या सुट्टीपूर्वी काढलेला माल सुट्टी संपेपर्यंत कागदोपत्री खान्यातच राहतो. काकांनी हे माझ्याआधी ओळखलं होतं. "साहेब, फोन झोपतो," असं ते मला दोनदा म्हणाले होते आणि मी पडदा बंद होण्याची वेळ वाढवून परत गेलो होतो.

इथे सॉफ्टवेअरवाल्यांचीच मदत लागली. नोंद पाठवणारा भाग त्यांनी सतत सूचना दाखवत चालणाऱ्या सेवेत हलवला, ओळ पूर्ण झाली की लगेच पाठवायची असं ठरलं, आणि न पाठवलेल्या ओळींचा आकडा पडद्याच्या माथ्यावर लाल रंगात आला. आम्ही सगळे फोन मोबाइल-व्यवस्थापनाच्या, म्हणजे एकाच जागेवरून सगळ्यांची सेटिंग सांभाळणाऱ्या, सेवेखाली आणले, बॅटरी-बचतीतून अ‍ॅपला सूट दिली आणि फोनला एकाच अ‍ॅपमध्ये कोंडलं. ह्या कोंडण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आधीपासूनच आहे, फक्त ती वापरायची तर फोन पहिल्यांदा चालू करतानाच तशी नोंदणी करावी लागते. म्हणजे पंधराही फोन कोरे करून पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीलाच केलं असतं तर तासाभराचं काम. ही चूक निखळ माझी.

फळी आणि वही

बॅटरीचं प्रकरण मात्र हळूहळू उलगडलं, आणि बहुतेक अशा प्रयोगांचा खरा हिशेब तिथेच लागतो.

गनची बॅटरी निघायची. पाळी संपली की जुनी काढून भरलेली बसवायची. फोनची निघत नाही, त्यामुळे दोन पाळ्यांना मधे चार्जिंग लागतं आणि राखीव फोन म्हणून आणलेले तिन्ही पहिल्याच महिन्यात रोजच्या फेऱ्यात आले. रात्री सगळे फोन एका बंद कपाटात, कुलूप लावून, सकाळपर्यंत वायरवर. कुलूप मालकांच्या समाधानासाठी होतं. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी मानवत नाहीत: उष्णता, आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत तासन् तास पडून राहणं. बंद कपाटात पंधरा फोन म्हणजे दोन्हींची रोज रात्री मेजवानी. दहाव्या महिन्यात फोन क्रमांक ४ ची पाठ कडेला उचलली गेलेली काकांना दिसली. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला लावायची नाही. फोन बाजूला, वाळूच्या बादलीशेजारी, आणि मग ई-कचऱ्यात. महिन्याने क्रमांक ११ गेला.

कपाट गेलं, जाळीची उघडी फळी आली, वीज टायमरच्या स्मार्ट प्लगवर. ज्या फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय होती तिथे ती लावली. त्यानंतरच्या काळात फुगण्याचा एकच प्रसंग आला. त्याचं श्रेय फळीला द्यावं की निव्वळ नशिबाला, हे एवढ्याशा संख्येवरून मी सांगणार नाही.

चार्जिंगचा सॉकेट हाही असाच. गन पाळण्यात ठेवायची, खालचे धातूचे ठिपके टेकायचे, झीज नाही. फोनमध्ये दिवसातून दोन-तीनदा वायर खुपसायची, तीही घाईत, अंधारात, तिरपी. वायरी सैल झाल्या. काकांनी वायर ही झिजायची वस्तू म्हणून धरली आणि टेपच्या रिळासारखा साठा ठेवायला लागले. आणि ह्याच सुमारास त्यांनी एक वही घातली: फोनचा क्रमांक, रंग, तारीख, काय झालं. ह्या लिखाणातले जवळपास सगळे तपशील त्या वहीतले आहेत. व्यवस्थापनाच्या सेवेचा चकचकीत डॅशबोर्ड आहे, पण त्यात "वायर ढिली" असा रकाना नाही.

पडझड अपेक्षेपेक्षा कमी झाली. जाड रबरी कव्हर आणि काचेवर फिल्म, एवढ्यावर भागलं. फोनच्या खोक्यांवरच्या शब्दांनी मात्र सुरुवातीला मालकांना भुलवलं होतं. आयपी ५४ किंवा आयपी ६८ ह्या दर्जांतला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा असतो, पडण्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. "लष्करी दर्जा" हे एमआयएल-एसटीडी-८१० चं मराठीकरण, पण ती अमेरिकी लष्कराची चाचण्यांची पद्धत आहे, प्रमाणपत्र नव्हे. कुठली चाचणी केली आणि कशी केली हे बनवणाराच ठरवतो. आमच्या चाचणीत फोन सिमेंटवर पडला आणि कोपऱ्यावर पडला, हे वहीत चार वेळा आहे.

हिशेब

नव्या टर्मिनलचा खर्च १०० धरला तर फोन २० ला आला होता. अंगठी, कव्हर, मनगटाचा पट्टा, राखीव फोनांचा वाटा आणि व्यवस्थापनाची वर्गणी धरून तो माणशी ४५ च्या आसपास गेला. बदललेल्या फोनांचा आणि माझ्या तासांचा हिशेब लावला तर तीन वर्षांत ६५ ते ७०. म्हणजे बचत झाली, पण पहिल्या बैठकीत टेबलावर दिसली तेवढी नाही. मालक ह्याला फायदा म्हणतात आणि मी वाद घालत नाही, कारण दोन गोष्टी ह्या आकड्यांत येतच नाहीत. नवा माणूस अर्ध्या दिवसात तयार होतो, कारण फोन त्याला येतोच. आणि फोनला चांगला कॅमेरा आहे. माल उतरवताना फाटलेल्या खोक्याचा फोटो चलानाला जोडून जातो, त्यामुळे वाहतूकवाल्यांशी होणारी भांडणं जवळपास थांबली. हे कोणीही ठरवून आणलेलं नव्हतं.

खर्चाची जी बाजू मी आधी ओळखायला हवी होती ती वेगळी. आमचं मॉडेल बाजारातून वर्षाच्या आत गायब झालं. बदली फोन आले ते निराळे: कव्हर बसेना, बॅटरीचं सेटिंग दुसऱ्याच पानावर, पट्टा सैल. दीड वर्षात एका गोदामात तीन जातींचे फोन झाले. टर्मिनल बनवणारे तेच यंत्र आणि त्याचे भाग वर्षानुवर्षं देतात, त्याचेच तर ते पैसे घेतात. शिवाय आमच्या पहिल्या फोनांचे सुरक्षा-अपडेट संपत आले होते. ह्या बाबतीत हवा बदलते आहे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या पिक्सेल ८ फोनसाठी ७ वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला, आणि युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या मॉडेलांना विक्री थांबल्यावरही किमान ५ वर्षं अपडेट देणं बंधनकारक झालं. एकाच बाजारासाठी वेगळा फोन बनवणं कोणाला परवडत नाही, म्हणून त्याचा थोडा फायदा इतरत्रही झिरपेल असा माझा अंदाज आहे. अंदाजच.

आता गोदामात दोन्ही आहेत. माल उतरवायच्या फलाटावर आणि खालच्या खान्यांच्या दोन गल्ल्यांत चार नवी अँड्रॉइड टर्मिनलं, ट्रिगरवाली. बाकी सगळीकडे फोन आणि अंगठी. पोरं त्या चार गनसाठी भांडतात, म्हणून त्यांच्याही पाळ्या लावाव्या लागल्या.

मागच्या भेटीत मालकांनी नवा चष्मा दाखवला, कॅमेऱ्याचा, बोलून चालणारा. डोळ्यांवर चढवून ते खालच्या खान्याकडे बघत होते. काकांनी वहीचं नवं पान उघडून वर तारीख टाकली होती आणि विचारत होते, "ह्याची बॅटरी निघते का?"